एस-एचचा वाटा

“पाढे मीच शिकवूचे, पोलिओचे डोस मीच मोजूचे, मतदारयादी मीच लिहूची. आणि आता ह्या वयात इंग्रजीय मीच शिकवूचा! आणि ह्या बांगड्यांचे डोळे बघ. माझ्यापेक्षा म्हातारे.”

परशुराम गुरुजी हे सगळं बाजारात मासळीच्या पाटीतल्या बांगड्यांना सांगत होते. नर्मदा पाटीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, विळी घेऊन बसली होती, तेव्हा तिला ऐकल्यावाचून सुटका नव्हती. पण गुरुजींचं पुटपुटणं कानावर पडलं तरी ऐकल्याचं दाखवायचं नाही, ही वाडीची जुनी रीत. तिने मुकाट्याने तळातले दोन बांगडे काढले.

“हे घेवा गुरुजी. हे अजून जवान आसत.”

गुरुजी हसले आणि पिशवी पुढे केली.

झालं होतं असं, की दोन हजार सालच्या जूनपासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. वर ठरायला काय, ठरतं. तारकर्लीच्या अलीकडच्या त्या वाडीतल्या दोन खोल्यांच्या शाळेत ते येऊन पोचलं तेव्हा गुरुजींची नोकरी दोन वर्षं उरली होती. मूळचे ते खारेपाटणकडचे, भातशेती आणि काजूच्या घरातले. पंचवीस वर्षांपूर्वी इथे आले ते इथेच रुजले. दोनदा त्यांच्या बदलीचा कागद आला, आणि दोन्ही वेळा वाडीची माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जाऊन तो रद्द करून घेऊन आली. वाडीतल्या निम्म्या माणसांना सही करायला त्यांनी शिकवलं होतं. उरलेल्या निम्म्यांच्या पोरांना. नर्मदासुद्धा त्यांच्याच हाताखाली चौथी पास झालेली.

असा माणूस. त्याला इंग्रजी येत नाही, हे कोण बोलणार?

कळत सगळ्यांना होतं. नर्मदाची संचिता पहिलीत होती. ती घरी आली की वहीत एकच शब्द वीस वेळा सुबक लिहिलेला असायचा. गुरुजींचं अक्षरच तसं, फळ्यावर काढलं की पुसू नये असं वाटणारं.

“ह्येचो अर्थ काय गो?”

“गुरुजी म्हणाले, उद्या.”

तो उद्या गणपती आले तरी उजाडला नाही. शेजारची तुळसा म्हणायची, “गुरुजींका वेळ खंय गावता?” नर्मदाचा नवरा भिकाजी म्हणायचा, “रिटायर होतीत आता, कित्याक त्रास?” सगळी वाडी सरळ शब्द सोडून त्याच्या आजूबाजूने चालायची, वाळूत वाळत घातलेल्या सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, पाय लागू नये म्हणून माणूस चालतो तशी.

आता नर्मदाच्या इंग्रजीची गोष्ट सांगायला हवी, कारण शाळेतून तिला जेमतेम अक्षरओळख मिळाली होती, बाकी सगळं तिने रद्दीतून मिळवलं होतं. सातवीनंतर बापाने तिच्या डोक्यावर पाटी दिली. मासळी बांधून द्यायला ती मालवणहून किलोवर रद्दी आणायची. एकदा त्या रद्दीत अर्धी डिक्शनरी आली. अर्धी कसली, मागची पाव. पुढची पानं कुणाच्या भज्यांखाली गेली कोण जाणे. उरलेलं पहिलं पान चालू व्हायचं तेच मुळी शार्कपासून. शार्क म्हणजे मोरी. नर्मदा त्या दिवशी पाटी भरून मोरीच घेऊन बसली होती. एक गिऱ्हाईक सोडून ती वाचत राहिली. शॉल, शेल, शिप, शर्ट, शोर. शोर म्हणजे किनारा, आणि शोल म्हणजे माशांचा थवा. एवढी वर्षं ज्या वाळूवर बसत होती त्या वाळूला, आणि पोटासाठी ज्याची वाट बघत होती त्या थव्याला, इंग्रजीत शेजारी शेजारी नावं होती आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या पुस्तकातून तिने मासळी बांधली नाही. दहा-बारा वर्षं दुपारची वाचत राहिली. त्यामुळे तिचं इंग्रजी जरा तऱ्हेवाईक होतं. तिला अंब्रेला येत होतं, टर्टल येत होतं, व्हेल येत होतं, पण ॲपल येत नव्हतं. ॲपल, बॉल, कॅट हे तिच्या भागात पडतच नव्हते. ते तिला संचिताच्या पहिलीच्या पुस्तकाने दिले, आणि मग साबणाच्या वेष्टनांनी, औषधाच्या बाटल्यांनी, तारकर्लीला उतरणाऱ्या पाहुण्यांच्या पोरांनी.

“ॲपल शिकूक माका पस्तिसावा वर्ष लागला,” ती तुळसाला म्हणायची. “पण व्हेल माका आधीच येय.”

संचिताला शब्द लक्षात राहीनात, तेव्हा नर्मदाने जे येत होतं तेच केलं. रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढून झालं की मासळी वाळूवर ओततात, जातीप्रमाणे निवडतात आणि वाटे घालतात. ज्याने दोरी ओढली त्याचा वाटा. वाडीतलं पोर रांगायला लागल्यापासून हे बघत असतं. नर्मदाने जुन्या कॅलेंडरचे तुकडे कापले, एकेका तुकड्यावर एकेक शब्द लिहिला आणि सगळे घरापुढच्या खळ्यात ओतले.

“निवड. सारख्या अक्षरांचे एका वाट्यात.”

एस-एचचा वाटा झाला. शिप, शेल, फिश, वॉश. ओ आणि ए जोडीने येतात त्यांचा वाटा झाला. बोट, कोट, गोट, सोप, रोड. शोल कुठल्या वाट्यात घालायचा यावरून संचिता आणि शेजारचा निकेत यांचं भांडण झालं, कारण त्यात एस-एचही होतं आणि ओ-एही. नर्मदाने तो शब्द दोनदा लिहिला. “हो मासो दोनय वाट्यांत. भांडान नको.”

मग लिलाव. ती वाट्यापाशी उकिडवी बसून किनाऱ्यावरच्याच आवाजात ओरडायची, “बोट, कोट, गोट, सोप, रोड! बोला! पैसे नको, अर्थ सांगा!” जो पोरगा पाचही अर्थ सांगेल तो वाटा उचलेल. चार सांगून पाचव्याला अडला की वाटा खाली. महिन्याभरात खळ्यात पंधरा पोरं यायला लागली. निकेत तर दुसऱ्याची बोली चढवायचा. “होडी, कोट, बकरी, साबण, रस्तो, आणि वर एक वाक्य!”

गुरुजींना हे कळलं, आणि कळलंय हे त्यांनीही दाखवलं नाही. ते आता मासळी घ्यायला बाजारात न येता संध्याकाळी नर्मदाच्या घरी यायला लागले. दोन बांगडे घ्यायचे आणि म्हणायचे, “साफ करून दी गो. घाई नाय.” आणि खळ्याच्या कडेच्या दगडी गडग्यावर पाठमोरे बसायचे, माडांकडे बघत. नर्मदाला दोन बांगडे साफ करायला दोन मिनिटं लागत. ती तास लावायची. मधे मधे गुरुजींच्या खिशातून छोटी वही बाहेर यायची. त्या बाजूला बघायचं नाही, हे पोरांनासुद्धा न सांगता कळलं होतं. एखादा शब्द ती जरा मोठ्याने, सावकाश, दोनदा सांगायची. दुसऱ्या दिवशी तोच शब्द शाळेच्या फळ्यावर, त्या देखण्या अक्षरात, अर्थासकट उमटायचा.

नर्मदाला त्याचं बरं वाटायचं. कोंबडीच्या खुराड्याच्या बाजूला बसून आपण एका गुरुजींना शिकवतोय, हे मनात आलं की विळीवरचा तिचा हात हलका व्हायचा. हे कुणाला सांगावं असंही वाटायचं, आणि सांगू नये असंही.

संचिता दुसरीत गेली, त्या वर्षी दिवाळीनंतर शाळेत विस्तार अधिकारी आले. न सांगता आले. दुसरीच्या वर्गात शिरले आणि म्हणाले, “इंग्रजीचे काही शब्द येतात का रे कुणाला?”

निकेत उभा राहिला आणि त्याने सवयीने विचारलं, “खयच्या वाट्यातले?”

पुढे जे झालं ते संचिताने घरी येऊन उड्या मारत सांगितलं. पोरं बाकांवरून खाली उतरली, फरशीवर खडूने वाटे घातले आणि लिलाव सुरू केला. साहेब आधी दचकले. “हा काय बाजार आहे?” गुरुजी म्हणाले, “परिसर अभ्यास, साहेब.” मग साहेब ऐकत राहिले. मग खाली बसले. मग त्यांनी स्वतः बोली लावली, आणि शोलला अडले. निकेतने त्यांना अर्थ सांगितला.

“गुरुजी, तालुक्यात असं कुठे बघितलं नाही मी. ही पद्धत कुणाची?”

संचिताने गुरुजींकडे बघितलं, गुरुजींनी खिडकीकडे.

“मुलांच्या परिसरातलीच आहे, साहेब,” गुरुजी म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. खरंही पुरतं नव्हतं. साहेबांनी पाठ थोपटली आणि ठरवून टाकलं, की फेब्रुवारीतलं शिक्षकांचं संमेलन याच शाळेत घ्यायचं आणि गुरुजींनी चाळीस शिक्षकांसमोर आदर्श पाठ द्यायचा.

वाडीचा ऊर भरून आला. आपली शाळा, आपले गुरुजी! भिकाजी मात्र जेवता जेवता थांबला.

“रापणीत दुसऱ्याचो वाटो उचललो तर काय करतत, म्हायत आसा मा तुका?”

“गुरुजी दुसरे न्हय.”

“तां खरां. पण वाटो तुझो.”

नर्मदाने त्याला आणखी भात वाढला, म्हणजे तो बोलायचा थांबेल. पण शब्द आत जाऊन बसले. रेशनकार्डावर तिच्या नावापुढे घरकाम असं लिहिलं होतं. मासळी विकते हेसुद्धा नाही. तिला काही येतं, असं आजवर कुठल्या कागदावर नव्हतं आणि कुणाच्या तोंडीही नव्हतं. पोरांच्या आया म्हणायच्या, नर्मदाकडे पोरां खेळतत. आता तर चाळीस शिक्षक येणार, ती पद्धत उचलून आपापल्या शाळांत नेणार, आणि ती परशुराम गुरुजींची पद्धत म्हणून जाणार. देवबागेपासून आचऱ्यापर्यंत. एकदा गेली की परत थोडीच येते?

दुसरीकडे गुरुजी होते. मेअखेर निवृत्ती. पंचवीस वर्षांच्या शेवटाला चाळीस जणांसमोर त्यांची मान खाली जावी, हे तिला स्वतःच्या बापाची गेल्यासारखं वाटलं असतं.

संमेलनाच्या चार दिवस आधी गुरुजी आले. बांगडे घेतले नाहीत. घरच्या काजूंची पुरचुंडी पुढे ठेवली.

“पोरां आयत्या वेळी विसरतत,” ते म्हणाले. “तीन वाटे कागदावर लिहून दी. जवळ असलेले बरे.”

“कोणते व्हये?”

“तुका बरे वाटतत ते.”

तिने लिहून दिले. त्यांनी वाचले आणि सवयीने खिशातलं लाल पेन काढून तिच्या मराठीतल्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन ओशाळले. नर्मदा हसली. “करा, करा. मराठी तुमचीच आसा.”

बाकी अर्धं वाक्य दोघांच्या मधे खळ्यात पडून राहिलं. कुणीच उचललं नाही.

संमेलनाच्या दिवशी वाडीने जेवण अंगावर घेतलं होतं. शाळेच्या मागच्या पडवीत चुली मांडल्या होत्या. काळ्या वाटाण्यांचं सांबारं, वडे, भात. नर्मदा आणि तुळसा खिडकीखाली खोबरं किसायला बसल्या. ती जागा नर्मदाने मुद्दाम धरली होती, हे तुळसाला दिसत होतं.

आत पाठ सुरू झाला. पहिला वाटा एस-एचचा. गुरुजींचा आवाज भारदस्त, शब्द स्वच्छ. ‘शिप’ ते असं म्हणाले, की बंदरात गलबत लागल्यासारखं वाटलं. पोरांनी बोली चढवली, चाळीस शिक्षक हसले, टाळ्या पडल्या. दुसरा वाटा झाला. तिसरा झाला. आपलं मूल दुसऱ्याच्या कडेवर बसून सगळ्यांना हात हलवतंय, तसं नर्मदाला झालं. कडेवर घेणाऱ्याचा राग येत नाही. पण हात शिवशिवतात.

“चांगला झाला गो,” तुळसा कुजबुजली. “सुटले गुरुजी.”

तेवढ्यात आतून एक नवा आवाज आला. देवबागेकडच्या शाळेत नुकत्याच लागलेल्या दिव्याबाई उभ्या राहिल्या होत्या. आवाजात खोच नव्हती, शिकायची हौस होती.

“गुरुजी, फार आवडलं. आता एक नवा वाटा आमच्यासमोर घालाल का? तयार नसलेला. म्हणजे शब्द कसे निवडायचे ते आम्हाला कळेल. आय-जी-एच-टी ही अक्षरं घ्या ना.”

“वा,” साहेब म्हणाले. “घ्या, गुरुजी.”

खडूचा आवाज आला. चार अक्षरं. नर्मदा उठून खिडकीशी उभी राहिली. फळ्यावर ती चार अक्षरं रांगोळीसारखी काढलेली होती, आणि त्यांच्यापुढे काही नव्हतं. गुरुजी फळ्याकडे तोंड करून उभे होते. खडू धरलेला हात वर तसाच.

लाइट, नाइट, राइट, फाइट, टाइट, साइट. सहा मासे नर्मदाच्या जाळ्यात उड्या मारत होते. पोरांना येत नव्हते. हा वाटा तिने अजून घातलाच नव्हता.

“चिठ्ठी धाड,” तुळसा म्हणाली. “खिडकीतून संचिताच्या हातात दी. पाणी द्यायच्या निमतान जायत.”

नर्मदाने चुलीतला कोळसा घेतला आणि पुड्याच्या कागदावर सहाही शब्द लिहिले. लिहिताना तिची नजर शिक्षकांवर गेली, आणि तिला एक गोष्ट दिसली. चाळीसातले निम्मे जण आपल्या वह्यांत बघत होते. एक जण बाहीचा सुटलेला दोरा काढत होता. एक बाई चष्मा पुसत होत्या, पुसलेलाच पुन्हा. गुरुजींना काय होतंय ते त्यांना आतून ठाऊक होतं. सोमवारी आपापल्या फळ्यासमोर ते असेच उभे राहत असणार, खडू वर धरून, आणि पोरांना सांगत असणार, उद्या. त्या खोलीत झाकलेलं होतं ते एकट्या गुरुजींचंच नव्हतं.

“वेळ द्या त्यांना,” साहेब मोठ्या मनाने म्हणाले. “एवढी पद्धत ज्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढली, त्यांना चार शब्द जड नाहीत.”

गुरुजींची मान आणखी जराशी आत गेली. मग ते वळले. शिक्षकांकडे नाही, साहेबांकडे नाही. खिडकीकडे. पंचवीस वर्षं या माणसाला वाडीने बघितलं होतं, पण काही मागताना कुणी बघितलं नव्हतं. आणि ते चिठ्ठी मागत नव्हते. चिठ्ठीसाठी माणूस असा बघत नाही.

नर्मदाने कागद चुलीत टाकला.

“काय करतस गो?” तुळसा म्हणाली.

नर्मदाने पदराला हात पुसले. बोटांना खोबरं तसंच राहिलं. पडवीला वळसा घालून ती पुढच्या दाराने आत आली, चाळीस शिक्षकांच्या मधून चालत. कुणीतरी म्हणालं, “मावशी, जेवण नंतर.” ती थांबली नाही. संचिता बाकावर ताठ झाली. निकेतने तिच्या कोपराला ढोसलं.

गुरुजींसमोर ती उभी राहिली. लहानपणी पाढे म्हणायला ती याच फळ्यासमोर उभी राहायची. खडू तिने हिसकावून घेतला नाही. हात पुढे केला आणि वाट बघितली. गुरुजींनी आधी तो हात बघितला, मग सावकाश खडू तिच्या तळव्यावर ठेवला, आणि एवढा मोठा श्वास सोडला, की पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

“ह्या बाई कोण?” साहेबांनी विचारलं.

नर्मदाने त्यांना उत्तर दिलं नाही. जे बोलायचं होतं ते गुरुजींनाच बोलायचं होतं, तोंडावर, मायेने, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात.

“गुरुजी,” ती म्हणाली, “तुमका इंग्रजी येत नाय. माका येता.”